पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस ‘विरघळते’ म्हणजे नेमके काय होते?

पावसाळ्याआधी घरावरचे पत्रे बदलण्याचे दिवस आले की एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : कर्करोग होतो तो अ‍ॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाच्या निळ्या आणि तपकिरी जातींमुळे, आपल्या पत्र्यांत असते ते पांढरे, म्हणजे क्रायसोटाइल, आणि ते शरीरात विरघळून जाते, शिवाय ते सिमेंटमध्ये पक्के बसलेले असते, आणि चाळीस वर्षे त्याच पत्र्यांखाली राहिलेल्या आजोबांना काही झाले नाही. यातले एकही विधान निखालस खोटे नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे.

विरघळण्याचा मुद्दा आधी घेऊ. निळ्या आणि तपकिरी जातींचे तंतू सुईसारखे ताठ असून फुफ्फुसात दशकानुदशके टिकतात. पांढऱ्याचा तंतू म्हणजे गुंडाळी झालेल्या पातळ थरांची नळी. तिच्या बाहेरच्या थरातले मॅग्नेशियम आम्लात झिरपून निघते, तंतू ठिसूळ होतो आणि तुटतो. इथपर्यंत संदेश बरोबर आहे. पण मीठ पाण्यात विरघळावे तसे हे विरघळणे नव्हे : तंतू उभाही चिरला जातो आणि एकाचे अनेक बारीक तंतू होतात. जो माणूस रोज नवी धूळ श्वासावाटे आत घेतो, त्याच्या बाबतीत तर जुना तंतू संपण्याआधीच नवा येऊन दाखल होतो.

तंतू तिथे असेपर्यंत काय घडते, हे संदेशात कुठेच नसते. फुफ्फुसातील वायुकोशांत धूळ गिळून साफ करणाऱ्या भक्षक पेशी असतात. त्यांचा व्यास साधारण १० ते २० मायक्रोमीटर. गोलसर कण त्या सहज गिळतात, पण त्यांच्याहून लांब तंतू आला की पेशीचा पडदा तंतूवर चढत जातो आणि तोंड मात्र मिटत नाही. त्या उघड्या तोंडातून, आत पचनासाठी राखलेली विकरे (एन्झाइम) आणि ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे बाहेर सांडतात आणि शेजारच्या पेशींच्या डीएनएला इजा करतात. अखेर पेशी मरते, तंतू पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळायला येते. मेलेल्या पेशींतून सुटलेली द्रव्ये दाह धुमसत ठेवतात, जखम भरण्यासाठी आजूबाजूच्या पेशी विभाजित होत राहतात, आणि त्यांत डीएनए बिघडलेल्या पेशीही असतात. विभाजनाच्या ऐन वेळी एखादा तंतू गुणसूत्रांच्या वाटेत आडवा आला, तर गुणसूत्रांची वाटणीच चुकते. फुफ्फुसावरणाच्या मेसोथेलिओमा या कर्करोगात बीएपी-१, एनएफ-२ यांसारखी, पेशींच्या वाढीला लगाम घालणारी जनुके वारंवार नादुरुस्त झालेली आढळतात, ती अशा वर्षानुवर्षांच्या पडझडीनंतर. म्हणजे इथे घात करतो तो तंतूचा आकार, आणि आपलीच सफाईची व्यवस्था.

निळे अधिक घातक आहे, हे मान्यच. मेसोथेलिओमाचा अ‍ॅस्बेस्टॉसशी असलेला संबंध ज्या अहवालामुळे ठळक झाला, तो १९६० सालचा वॅग्नर आणि सहकाऱ्यांचा दक्षिण आफ्रिकेतील ३३ रुग्णांचा अहवाल निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातलाच होता, आणि त्यातले कित्येक जण खाणीत कामाला नव्हते, नुसते त्या परिसरात राहिले होते. पण ‘अधिक घातक’ दुसरे आहे म्हणून पहिले निर्धोक ठरत नाही. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातील ज्या कापडगिरणीत प्रामुख्याने पांढरेच वापरले जाई, तिथल्या कामगारांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार पहिल्या, म्हणजे निश्चित कर्ककारक गटात ठेवले आहेत.

सिमेंटबद्दल थोडक्यात. न फुटलेला, न झिजलेला पत्रा डोक्यावर असताना फारसे तंतू सुटत नाहीत, हे खरे. परंतु पत्रा कापायला ग्राइंडर लावला, हुकांसाठी भोके पाडली किंवा जुने पत्रे वरून खाली फेकले की ती पकड संपते. तोंडाला रुमाल बांधून काम करणाऱ्या मिस्त्रीच्या भुवयांवर जी पांढरी पूड दिसते, ती त्यातली जाडीभरडी. श्वासात जातात ते तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि रुमाल त्यांना अडवू शकत नाही. पत्रा काढायचाच असेल तर तो ओला करून, न फोडता, अखंड उतरवावा लागतो.

राहता राहिले आजोबा. त्यांना काही झाले नाही हे चांगलेच झाले, आणि शाबूत छपराखाली राहणाऱ्या बहुतेकांना काही होणारही नाही. पण त्यांच्या उदाहरणावरून पत्रा कापणाऱ्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या कर्करोगाला उघड व्हायला बहुधा २० ते ५० वर्षे लागतात. तोवर कामगार गाव बदलतो, धंदा बदलतो, आणि मधल्या काळात विडी-सिगारेट असेल तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात हीच लांबण लक्षात घेतली होती. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ उशिरा संपेल तोवर, जपून ठेवण्याचा आदेश न्यायालयाने दिला. त्यात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसला सूट नव्हती.