वीसनखी कासव आणि डीएनएचा दाखला

उन्हाळ्यात आमच्याकडच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, आटल्या की मोबाइलवर तोच मेसेज पुन्हा फिरू लागतो. यंदा त्याला विज्ञानाची फोडणी दिली आहे: "वीस नखांचं कासव ही वेगळी जात असल्याचं डीएनए टेस्टमध्ये सिद्ध झालं. ते सापाच्या कुळातलं, म्हणून धनाची राखण करते. मटण शिजवलं की कोणाला ओळखता येत नाही. ठेवायचं नसेल तर जवळच्या पाण्यात सोडा, पुण्य लागते." गावच्या ग्रुपवर लगेच चौघांनी हात जोडले. म्हणून लिहायला बसलो.

आधी नखं. मागच्या पावसाळ्यात बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखलणी चालू असताना ट्रॅक्टरपुढे एक कासव निघालं. ताटलीएवढं, पाठीवर कातडी. पोटाखाली मागच्या बाजूला दोन पडदे. पाय आत ओढले की ते पडदे दार लोटल्यासारखे मिटायचे. शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, नखं मोजा ना जी!" मोजली. दर पायाला तीन, एकूण १२. मग त्याला बोडीच्या काठाला ठेवून दिलं. या मऊ पाठीच्या कुळाचं शास्त्रीय नाव ट्रायोनिकिडी, त्याचा अर्थच तीन नखांचं. कडक पाठीचं काळं कासव घ्या: पुढे पाच-पाच, मागे चार-चार, बेरीज १८. वीस आणायचे कुठून? एखाद्याच्या मागच्या पायाला जास्तीचं नख फुटलंच, तर ते माणसाच्या सहाव्या बोटासारखं. सहा बोटांच्या माणसाला आपण वेगळ्या जातीचा म्हणतो का?

डीएनएनं प्रजाती कशी ठरते ते बघा. पेशीत ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया नावाचे लहान भाग असतात, त्यांचा डीएनए आईकडून येतो. त्यातल्या सायटोक्रोम बी सारख्या जनुकाचा क्रम वाचून तो माहितीतल्या प्रजातींशी जुळवतात. बांगलादेशात चटगावला बायेजीद बोस्तामी दर्ग्याच्या तलावात काळ्या रंगाची मऊ पाठीची कासवं आहेत. २००२ साली ही प्रजाती निसर्गातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं होतं. पुढे डीएनएवरून ती गंगेच्या कासवापेक्षा वेगळी असल्याचं पक्कं झालं, आणि आसामातल्या मंदिरांच्या तळ्यांतही ती निघाली. आता गंमत बघा: गंगेचं असो की चटगावचं, नखं दोघांचीही १२च. प्रजाती वेगळी, नखं तेवढीच. मेसेजवाल्यानं नेमकं उलटं शिकवलं.

सापाचं कूळ एका ओळीत निकालात निघतं. २०१३ साली चिनी मऊ पाठीच्या कासवाचा आणि हिरव्या समुद्री कासवाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला गेला, आणि कासवं मगरी व पक्ष्यांच्या जवळची ठरली. म्हणजे नात्यानं ते तुमच्या कोंबडीला जवळचं, नागाला दूरचं.

शिजवलेल्या मटणाचं म्हणाल, तर हा सल्ला देणारा तुम्हाला जेलमध्ये पाठवणार आहे. शिजवल्यानं डीएनए तुटतो, संपत नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या एकेका पेशीत शेकडो प्रती असतात, त्यामुळे लहान तुकडे हाती लागतात आणि ओळख पटवायला तेवढे पुरतात. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेनं अशा तपासाची पद्धत कधीच बसवली आहे. आमच्या बांधीतलं ते पडदेवालं कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे: ३ ते ७ वर्षं कैद आणि दंड किमान २५,००० रुपये.

राहिलं पुण्य. मला सगळ्यात जास्त राग या ओळीचा येतो, कारण ती भल्या माणसाला फसवते. एकट्या अमरावती जिल्ह्यातलंच पाणी बघा. पूर्णा तापीला मिळून पश्चिमेला जाते, वर्धा गोदावरीच्या वाटेनं पूर्वेला. दोन्हीकडची कासवं दिसायला सारखी असली तरी हजारो पिढ्या वेगळ्या पाण्यात वाढलेली असू शकतात. ती कुठली हे डीएनए सांगू शकतो, पण त्यासाठी त्या-त्या नदीचे नमुने आधी गोळा केलेले पाहिजेत. गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यातलं लेथचं मऊ पाठीचं कासव आज अतिसंकटग्रस्त आहे. २०२२ साली पनामातल्या साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. अशा नदीत बाजारातून आणलेलं, कुठलं ते माहीत नसलेलं कासव सोडलं, तर त्याच्यासोबत रोगही जातो आणि परका वाणही.

बांधीत निघालेलं कासव तिथल्याच बोडीत जाऊ द्या. कोणी पोत्यात घालून विकायला आणलं, तर वनविभागाचा नंबर १९२६ आहे.