डिमीटरची बाजू

पॅरानॉर्मल रोमान्स, म्हणजे देव, भुते, अद्भुत शक्ती असलेल्या प्रेमकथा, मी आवडीने वाचते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची तक्रार नाक मुरडणाऱ्या वाचकाची वाटणार नाही. प्राचीन देवांना आजच्या प्रेमकथेत आणण्याला माझा आक्षेप नाही. ग्रीक पुराणकथांची एकच एक ठरलेली संहिता कधी नव्हतीच. धान्याची देवी डिमीटर हिची लेक पर्सेफनी हिला पाताळाचा राजा हेडीस पळवून नेतो, ही कथाच घ्या. होमरच्या नावावर मोडणाऱ्या डिमीटरच्या स्तोत्रात पर्सेफनी वर्षाचा तिसरा हिस्सा पाताळात काढते, तर रोमन कवी ओव्हिडकडे हीच वाटणी निम्मी-निम्मी होते. आजच्या लेखिकेने त्यात आणखी एक फेरफार केला, तर बिघडत नाही. मात्र तो करताना कोणाचा बळी जातो, हे पाहायला हवे.

हेडीस आणि पर्सेफनी ही या साहित्यातली बहुधा सर्वांत लाडकी जोडी. नव्या कथांमधला हेडीस अबोल, एकाकी आणि लोकांच्या गैरसमजाचा धनी असतो. राज्याच्या वाटणीत भावांनी आपल्याला फसवले, अशी एक जुनी जखमही त्याला अनेकदा दिलेली असते. (होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात ही वाटणी सरळ चिठ्ठ्या टाकून झाली आहे, पण नायकाला जखम लागते.) पर्सेफनीही फुले वेचणारी भाबडी मुलगी राहत नाही. ती आपल्या पायांनी पाताळात उतरते आणि डाळिंबाचे दाणे जाणूनबुजून खाते (पाताळातले काही खाल्ले की तिथे परतावेच लागते). हा बदल का करावासा वाटतो, हे कळण्यासारखे आहे. मूळ स्तोत्रात प्रत्यक्ष बाप, म्हणजे देवांचा राजा झ्यूस, आईला न विचारता मुलीला आपल्या भावाला देऊन मोकळा होतो. ती नार्सिससच्या फुलाकडे हात नेते, जमीन दुभंगते आणि रथातून ओढून नेली जाताना ती त्याच बापाला हाका मारत राहते. डाळिंबाचा दाणाही हेडीस तिला लबाडीने देतो. आजच्या रोमान्सला नायिकेची राजीखुशी लागते. ही कथा आहे तशी सांगणे त्याला शक्यच नाही.

पण ते 495 ओळींचे स्तोत्र हेडीसचे नाही, पर्सेफनीचेही नाही. ते डिमीटरचे आहे. नऊ दिवस ती हातात मशाली घेऊन, अन्नाला आणि अंघोळीला न शिवता पृथ्वीभर हिंडते. सूर्याकडून खरा प्रकार कळल्यावर देवांची संगत सोडते, अथेन्सजवळच्या एलेफ्सिसला म्हातारीच्या रूपात विहिरीपाशी येऊन बसते आणि परक्याच्या घरी परक्याचे मूल सांभाळते. शेवटी ती जमिनीत पेरलेले बी वरच येऊ देत नाही. माणसे उपासमारीने संपू लागतात, देवांना मिळणारे बळी आणि नैवेद्य बंद पडायची वेळ येते, तेव्हा कुठे झ्यूस वठणीवर येतो. एलेफ्सिसचे गूढविधी, म्हणजे फक्त दीक्षा घेतलेल्यांसाठीचे धर्मविधी, या मायलेकींच्या कथेशी जोडलेले होते आणि ते हजाराहून अधिक वर्षे चालले.

हीच डिमीटर कित्येक नव्या कादंबऱ्यांत लेकीला कुलपात ठेवणारी, तिच्या प्रत्येक श्वासावर पहारा करणारी हेकेखोर बाई होते. असे का होते, याचे उत्तर मला कथेच्या बांधणीतच दिसते. अपहरण काढून टाकले की अडथळा उरत नाही, आणि अडथळ्यावाचून रोमान्स पुढे सरकत नाही. गुन्हेगाराला नायक केले, तर दोष ठेवायला दुसरे कोणीतरी हवे. मग ज्याने सौदा केला तो झ्यूस विनोदी लंपट म्हणून सुटतो आणि जिने उपाशीपोटी शोध घेतला तिचा आकांत ‘टॉक्सिक’ ठरतो. मुलीला तिची मर्जी परत मिळवून द्यायला निघालेल्या कथेने आईच्या बाबतीत इतके कोते व्हावे, हे मला खुपते.

मर्जीचीच कथा हवी असेल, तर जुन्या भांडारात मार्पेसा आहे. इडास हा माणूस आणि अपोलो हा देव तिच्यासाठी झुंजतात. इडासनेही तिला पळवूनच आणलेले असते, पण अखेर झ्यूस निवड तिच्यावर सोपवतो. ती इडासला निवडते, कारण आपण म्हाताऱ्या झालो की अपोलो आपल्याला टाकून देईल, ही भीती तिला वाटते. देवाला नकार देणारी आणि त्याचे व्यवहारी कारण देणारी ही नायिका या कादंबऱ्यांमध्ये मला अजून भेटलेली नाही. तिथे नायिकेच्या म्हातारपणाचा प्रश्न शेवटच्या प्रकरणात तिला अमर करून झटक्यात मिटवला जातो.

हेडीसला नायक करणाऱ्यांनी जरूर करावे. फक्त स्तोत्राच्या अखेरीचा एक प्रसंग त्यांनी गाळू नये, एवढे मला वाटते. लेक परत येते, आई धावत जाऊन तिला कवटाळते, आणि मिठीतच मनात कसलीशी शंका येऊन विचारते: तिकडे असताना काही खाल्लेस का?