राज्यसभा बंद करा म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय की राज्यसभा बंद करा, तिथले खासदार कोणी निवडून दिलेले नसतात, वरून नेमलेले असतात, अधिकार त्यांना काही नाहीत आणि तरी लोकसभेची कामं अडवून ठेवतात. चांगली शिकलेली माणसं पुढे पाठवतायत म्हणून लिहितेय.

आधी नेमणुकीचं बघू. 245 पैकी राष्ट्रपती नेमतात फक्त 12, साहित्य-विज्ञान-कला-समाजसेवा यातले, लतादीदी आणि सचिन असेच गेले होते. बाकीच्या 233 जागा निवडणुकीने भरतात. आपण स्वतः बटण दाबत नाही हे खरं, पण आपण निवडून दिलेले आमदार मत देतात, आणि ते मतदान कसं होतं ते एकदा बघाच. आमदाराला जांभळं स्केचपेन देतात, त्याने मतपत्रिकेवर 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहायचा आणि पेटीत टाकायच्या आधी स्वतःच्या पक्षाच्या एजंटला दाखवायची, दुसऱ्या पक्षाच्या एजंटला दाखवली तर मत बाद. जून 2022 ला महाराष्ट्रात 6 जागांना 7 उमेदवार होते, 285 आमदारांनी मत दिलं, एक बाद झालं, उरली 284. प्रत्येक मताची किंमत 100 धरतात, म्हणून 28400 ला 7 ने (जागा 6 अधिक 1) भागून वर 1, म्हणजे कोटा, निवडून यायला लागणारा आकडा, 4058, साधारण 41 मतं. शेवटच्या जागेसाठी शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची 33 आणि भाजपच्या धनंजय महाडिकांना 27, तरी महाडिक आले, कारण त्यांच्याच पक्षाच्या दोघांना 48-48 मिळाली होती आणि कोट्याच्या वरची मतं दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळली. निकाल लागेपर्यंत पहाट झाली होती. निकाल तुम्हाला आवडला असेल नसेल, पण याला नेमणूक कशी म्हणायची?

आता अधिकार. पैशाच्या विधेयकावर राज्यसभा फार तर 14 दिवस घेऊ शकते, तिथे लोकसभेचंच चालतं, एवढं मेसेजमधलं बरोबर आहे. पण घटना बदलायची असेल तर दोन्ही सभागृहांत वेगवेगळं दोन-तृतीयांश बहुमत लागतं, तिथे दोन्ही सभागृहं एकत्र बसवून मत घ्यायचा, म्हणजे संयुक्त बैठकीचा, रस्ताच नाही. संस्थानिकांचे तनखे, म्हणजे जुन्या राजांना सरकारकडून मिळणारे पैसे, बंद करायचं घटनादुरुस्ती विधेयक 1970 ला लोकसभेत पास झालं आणि 5 सप्टेंबरला राज्यसभेत पडलं, बाजूने 149, विरोधात 75, लागत होती 149.33, म्हणजे एक पूर्ण मतसुद्धा कमी नव्हतं! तनखे जायलाच हवे होते असं माझं मत आहे आणि 1971 मध्ये ते गेलेही, पण ज्या सभागृहाला अधिकारच नाहीत तिथे इंदिरा गांधींचं सरकार अडलं कसं? 1989 ला राजीव गांधींचं पंचायत राजचं विधेयकही तिथेच पडलं.

आणि मग अडवण्याचं. अधिकार नाहीत आणि अडवतात, हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल ते मला कळत नाही. साध्या विधेयकावर भांडण मिटलंच नाही तर संयुक्त बैठक घेता येते, तिथे 543 वाल्या लोकसभेचं पारडं जड असतं, पण आजवर विधेयकासाठी ती बैठक तीनदाच लागली, 1961 ला हुंडाबंदी, 1978 ला बँकिंग सेवा आयोग रद्द करायला आणि 2002 ला पोटा हा दहशतवादविरोधी कायदा. बाकी बहुतेक विधेयकं त्याशिवायच निघाली.

शिवाय राज्यसभा कधी बरखास्त होत नाही, मुदत सहा वर्षं आणि दर दोन वर्षांनी एक-तृतीयांश निवृत्त, त्यामुळे एखाद्या निवडणुकीत लाट आली तरी दोन्ही सभागृहं एका दिवसात एकाच हातात जात नाहीत. मला स्वतःला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

राग यायचाच असेल तर तो वेगळ्या गोष्टीचा यावा. 2003 च्या आधी उमेदवार त्याच राज्यातला मतदार असावा अशी अट होती, ती काढली, 2006 ला सुप्रीम कोर्टाने तो बदल मान्यही केला, आणि आता ज्या राज्याशी काडीचा संबंध नाही तिथूनही माणूस खासदार होऊ शकतो. राज्यांचं सभागृह म्हणायचं आणि राज्याची ओळखच नको, हे मला अजिबात पटत नाही. ती अट परत आणा असा मेसेज कोणी लिहिला तर मी स्वतः सगळ्या ग्रुपवर पाठवेन.