‘पेशंटनी पेशंटना शिकवायचं, त्यात मोजणार काय?’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेल्या काही दिवसांत एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी तर वर ‘तुझ्या त्या कोर्सबद्दलच आहे बघ’ असंही लिहिलं. मेसेजचा सारांश असा: मानसिक आजारातून गेलेली माणसंच जिथे वर्ग घेतात ते रिकव्हरीचे, म्हणजे आजारातून सावरायला शिकवणारे कोर्स म्हणजे गप्पांचा अड्डा, त्यांचा परिणाम मोजताच येत नाही, संशोधनात काही सापडलेलं नाही कारण हॉस्पिटलमधल्या ॲडमिशन कमी होत नाहीत, शिकवणाऱ्यांकडे डिग्री नाही, फॉर्मवर सगळेच ‘छान’ लिहितात त्यामुळे तो पुरावा धरायचा नाही, आणि म्हणून पैसा फक्त डॉक्टर आणि औषधांवर घालवा.

मी असा कोर्स आधी विद्यार्थी म्हणून केलाय, नंतर दोन बॅच शिकवल्यात, तेव्हा मी तटस्थ वगैरे नाहीये हे आधीच सांगून टाकते. आणि यातल्या एका मुद्द्यावर मी मेसेजवाल्याच्याच बाजूने आहे.

‘मोजताच येत नाही.’

येतं की. मोजलंय लोकांनी, आणि चांगलं कडक मोजलंय. ‘रॅप’ नावाचा कोर्स घ्या, पूर्ण नाव वेलनेस रिकव्हरी ॲक्शन प्लॅन, 1997 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये मेरी एलन कोपलंड आणि स्वतः आजार भोगलेल्या काही जणांनी मिळून तयार केलेला. त्यात माणूस स्वतःचा प्लॅन लिहितो: रोज काय केलं की मी ठीक राहते, कशाने बिघडतं, बिघडायला लागल्याच्या पहिल्या खुणा कोणत्या, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर माझ्या वतीने कोणी ठरवायचं आणि कोणी अजिबात ठरवायचं नाही. हे गप्पा मारण्याइतकं सोपं नाही, शेवटचं पान लिहायला मला तीन आठवडे लागले होते.

तर या कोर्सची अमेरिकेतल्याच ओहायोमध्ये सहा ठिकाणी रँडमाइज्ड ट्रायल झाली, 2012 साली छापून आली. गंभीर आजार असलेले 519 लोक, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले, एका गटाला आठ आठवड्यांचा कोर्स लगेच आणि दुसरा वेटिंग लिस्टवर. कोर्स संपल्यावर मोजलं आणि परत सहा महिन्यांनी मोजलं. कोर्सवाल्यांची लक्षणं जास्त कमी झालेली, आशा आणि जगण्याचा दर्जा वाढलेला. त्याच वर्षी टेनेसीतल्या ‘ब्रिजेस’ नावाच्या कोर्सचा असाच निकाल आला, तिथे 428 लोक होते आणि शिकवणारे सगळे आजारातून गेलेलेच, आणि ‘मी सावरतोय’ ही जाणीव कोर्सवाल्यांमध्ये जास्त वाढलेली दिसली.

आता शंका काढायचीच असेल तर खरी शंका मीच देते. वेटिंग लिस्टशी तुलना केली की कोर्सने फरक पडला एवढं कळतं, पण तो कोर्समधल्या मजकुराने पडला की दर आठवड्याला चार माणसं भेटायला लागली म्हणून पडला हे त्यातून कळत नाही. मेसेजमध्ये हे असतं तर मी मान डोलावली असती.

‘संशोधनात काही सापडलं नाही, ॲडमिशन कमी होत नाहीत.’

इथे खरं पाणी मुरतंय, म्हणून जरा थांबून बोलते. हे वाक्य हवेतून आलेलं नाही. 2014 मध्ये एक मोठा आढावा आला होता, 18 ट्रायल्स आणि 5,597 लोक, आणि त्यात खरंच असं निघालं की पीअर सपोर्टने, म्हणजे त्याच आजारातून गेलेल्या माणसांनी दिलेल्या आधाराने, ॲडमिशन किंवा एकूण लक्षणं कमी होतात असं म्हणायला जवळजवळ काही पुरावा नाही. मेसेज इथे थांबतो. आढावा थांबत नाही, तो पुढे म्हणतो की आशा, सावरल्याची जाणीव आणि स्वतःच्या आयुष्यावरचा ताबा यांवर चांगला परिणाम झाल्याचा थोडाफार पुरावा आहे, आणि हेही म्हणतो की बऱ्याच ट्रायल्सचा दर्जाच कच्चा आहे. शिवाय त्यात सगळं एकाच पोत्यात भरलंय, म्हणजे आपसात भेटणारे गट, एकेकट्याला आधार देणारे कार्यकर्ते, आणि पीअर लोकांनी दिलेल्या इतर सेवा. त्या पोत्याचं वजन सांगून आतल्या एका भाजीचा भाव काढायचा असं चाललंय.

त्यानंतर 2018 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडची ट्रायल आली. क्रायसिस टीमच्या, म्हणजे मानसिक आजार अचानक बळावल्यावर धावून येणाऱ्या पथकाच्या उपचारांतून नुकतेच बाहेर पडलेले 441 लोक. एका गटाला रिकव्हरीचं वर्कबुक आणि ते भरायला सोबत एक पीअर कार्यकर्ता, दहा भेटींपर्यंत. दुसऱ्या गटाला तेच वर्कबुक पोस्टाने. वर्षभरात परत तातडीच्या उपचारांत जावं लागलेले लोक पहिल्या गटात 29 टक्के, दुसऱ्यात 38 टक्के. पुस्तक दोघांकडे तेच होतं हो! फरक शेजारी बसलेल्या माणसाचा. (हे एकास एक होतं, वर्ग नव्हे, त्यामुळे मी याला आमच्या कोर्सचं सर्टिफिकेट म्हणून मिरवणार नाही.) आणि 2022 मध्ये ‘एनरिच’ नावाची, हॉस्पिटलमधून घरी जाणाऱ्यांना पीअर आधार देणारी ट्रायल आली, तिच्यात ॲडमिशनवर म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे कधी पडतो, कधी नाही. नेमकं काय दिलं, कोणाला दिलं आणि कधी दिलं हे न विचारता ‘पीअर चालतं’ किंवा ‘पीअर चालत नाही’ म्हणणं दोन्ही बाजूंनी उचलली जीभ लावली टाळ्याला.

आणि मला मुळात ॲडमिशन हे एकच माप खटकतं. आमच्या कोर्समध्ये आम्ही शिकवतो की पहिल्या खुणा दिसल्या की वाट बघू नका, मदत मागा. एकजण ते शिकला आणि तीन रात्री झोप नाही म्हटल्यावर स्वतःच्या पायाने जाऊन ॲडमिट झाला, चार दिवसांत घरी. आधीच्या वेळी त्याला जबरदस्तीने न्यावं लागलं होतं आणि दोन महिने तिथेच काढावे लागले होते. रजिस्टरमध्ये दोन्ही वेळा ‘ॲडमिशन: एक’. मोजायचंच असेल तर किती दिवस, कोणाच्या मर्जीने, आणि बाहेर आल्यावर कामधंदा टिकला का, हे पण मोजा ना.

‘डिग्री नाही.’

नाहीये. पण 2013 चा, सगळ्या ट्रायल्स एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा बघा, 11 ट्रायल्स, 2,796 लोक, त्यात पीअर लोकांनी व्यावसायिकांसारखीच कामं केली तेव्हा निकाल त्यांच्याहून चांगला नाही आणि वाईटही नाही. असे कोर्स जिथे चालतात त्या रिकव्हरी कॉलेजमध्ये तर एक अनुभवाने शिकलेला आणि एक शिक्षणाने शिकलेला असे दोघं मिळूनच वर्ग आखतात आणि घेतात. इंग्लंडमध्ये 2009 ला सुरू झालेलं हे मॉडेल 2022 पर्यंत 28 देशांत 221 ठिकाणी पोचलं होतं. अर्थात पसरलं म्हणून सिद्ध झालं असं नाही, पसरायला काय, हा मेसेजपण पसरलाच की.

‘फॉर्मवर सगळेच छान लिहितात.’

बरोबर. शंभर टक्के बरोबर, आणि यावर आमच्या लोकांना राग येतो पण येऊ दे. शेवटच्या दिवशी, चहा-बिस्किटांनंतर, ज्या बाईने आठ आठवडे शिकवलं तीच समोर उभी राहून फॉर्म वाटते आणि तीच गोळा करते, कोण लिहिणार ‘कंटाळा आला’ म्हणून? शिवाय जे मधेच सोडून गेले ते त्या खोलीत नसतातच. माझ्या दुसऱ्या बॅचला बारा जण आले होते, शेवटी सात उरले, आणि सातही फॉर्म झकास. मग मी उरलेल्या पाचांना फोन केले. तिघांनी उचलला. एकाला नोकरी लागली होती, म्हणजे आम्ही ज्याला गळती म्हणत होतो ती खरं तर आनंदाची बातमी होती. एकीची संध्याकाळची गोळी झोप आणणारी आणि वर्ग नेमका संध्याकाळी, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात विचारता आलं असतं. तिसरी म्हणाली, ताई, वर्गात एकच माणूस बोलत होतं आणि ते तुम्ही होतात. सात फॉर्ममध्ये मिळून जेवढं कळलं नाही तेवढं त्या एका वाक्यात कळलं, दोन दिवस जेवण गेलं नाही ते वेगळं.

आधी-नंतरच्या स्कोअरचंही तसंच. लोक बहुतेक सगळ्यात वाईट काळातच नाव नोंदवतात, त्यामुळे काहीही न करता दोन महिन्यांनी थोडं बरं दिसणारच, तुलनेला दुसरा गट नसेल तर त्याचं श्रेय कोर्सने घ्यायचं नाही. उलटंही होतं बरं का, पहिल्या दिवशी माणूस ‘मला माझी लक्षणं ओळखता येतात’ पुढे पाचपैकी पाच देतो कारण काय ओळखायचं असतं तेच माहीत नसतं, आणि शेवटी शहाणा होऊन तीन देतो. कागदावर घसरला! म्हणून शेवटी ‘आता मागे वळून बघता तेव्हा किती होतं’ असंही विचारावं लागतं.

‘पैसा फक्त डॉक्टर आणि औषधांवर.’

ओहायोत काय किंवा टेनेसीत काय, दोन्ही गटांचे नेहमीचे उपचार चालूच होते. ‘औषध की वर्ग’ अशी शर्यत तिथे कोणी लावलीच नव्हती, मग तिचा निकाल मेसेजवाल्याला कुठून मिळाला हे त्यालाच विचारा. मी स्वतः गोळी घेते, रात्री एक.

पुढच्या बॅचला फॉर्म मी वाटणार नाहीये, वर्गाशी संबंध नसलेली एक मैत्रीण येऊन बंद पाकिटात गोळा करेल, सहा महिन्यांनी तीच सगळ्यांना फोन करेल, आणि यादीत सगळ्यात वर सोडून गेलेल्यांची नावं असतील. प्रश्न आधीच्या बॅचमधल्या तिघांनी मिळून काढलेत. पहिला प्रश्न, ‘वर्गात तुम्हाला बोलायला मिळालं का?’