एका गोष्टीचे एक लाख येन

वसुलीला आलेला गुंड कर्जदाराचं घर डोक्यावर घ्यायच्या ऐवजी त्याच्यासमोर गुडघे टेकून म्हणतो, मला शिष्य करून घ्या. ‘टायगर अँड ड्रॅगन’ ही जपानी मालिका इथून सुरू होते. 2005 सालची, टीबीएस वाहिनीवरची, कानकुरो कुदो यांनी लिहिलेली. वीस वर्षांपूर्वीचं प्रकरण आज उकरून काढायचं कारण असं की, ‘कलेने माणूस सुधारतो’ या थाटाच्या गोष्टींचा मला आता मनापासून कंटाळा आला आहे. गुंड बासरी शिकतो आणि संत होतो. कैदी चित्रं काढतो आणि त्याला रडू फुटतं. या मालिकेतही गुंड आहे आणि कलाही आहे, पण लेखकाने ही सोपी पळवाट घेतलेली नाही. म्हणून हे लांबण.

तोराजी हा टोकियोच्या शिंजुकू भागातल्या एका याकुझा, म्हणजे जपानी गुंडांच्या, टोळीतला पोरगा. लहानपणी आईबापांनी कर्जापायी जीव दिला. टोळीच्या म्होरक्याने वाढवलं, आणि मोठेपणी काम मिळालं ते लोकांकडून कर्ज वसूल करायचं. हा क्रूर विनोद मालिका फार उगाळत नाही, मधूनमधून नुसता चटका देते. असा हा तोराजी टोकियोतल्याच असाकुसा भागातल्या एका बुजुर्ग कथेकऱ्याच्या मागे पैशांसाठी लागतो, त्याला मंचावर गोष्ट सांगताना ऐकतो आणि घायाळ होतो. हा बुजुर्ग म्हणजे दोन्बेई. तो राकुगोचा उस्ताद आहे.

राकुगो माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एक माणूस किमोनो घालून गादीवर गुडघे मुडपून बसतो. जवळ एक मिटलेला पंखा आणि एक सुती पंचा. नेपथ्य नाही, उठून उभं राहायचं नाही. मान डावीकडे वळवली की घरमालक, उजवीकडे वळवली की भाडेकरू. पंखा कधी सोबा (नूडल्स) खायच्या काड्या होतो, कधी चिलीम, कधी तलवार. सुरुवातीला इकडच्या तिकडच्या गप्पा मारून प्रेक्षकांचा अंदाज घ्यायचा, मग अलगद गोष्टीत शिरायचं आणि शेवटच्या वाक्याला असा झटका द्यायचा की, हशा पिकेपर्यंत आपण वाकून नमस्कार करून मोकळे. गोष्टी बहुतेक जुन्या, एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक). लोकांना पाठ असतात. कोण सांगतोय एवढ्यासाठी लोक येतात. (आपल्याकडे शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर गावोगावी कथा सांगत फिरले, तेव्हा लोक पुस्तकात वाचलेलीच कथा ऐकायला पुन्हा गर्दी करत. ज्यांनी ती गर्दी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.)

आता त्या कराराकडे येते, कारण मालिकेची खरी करामत तिथे आहे. दोन्बेई म्हणतो, एक गोष्ट शिकवायचे एक लाख येन घेईन. आजच्या हिशेबाने पन्नास-साठ हजार रुपये. तोराजी ते मोजून देतो. उस्ताद तेच पैसे कर्जाचा हप्ता म्हणून तोराजीच्याच हातात परत ठेवतो आणि तोराजी ते टोळीत जमा करतो. म्हणजे वसुली करणाराच स्वतःच्या खिशातून वसुली भरतोय, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर काहीतरी फार गंभीर व्यवहार चालल्याचा भाव.

एरवी राकुगोच्या परंपरेत गुरू शिष्याकडून शिकवणीचे पैसे घेत नाही. शिष्य घरची कामं करतो, पडेल ते करतो, आणि गोष्ट फुकट मिळते. ती पुढे आपल्या शिष्याला तशीच फुकट द्यायची, एवढीच अट. त्यामुळे दोन्बेईची ही मागणी जपानी प्रेक्षकाला आपल्यापेक्षा जास्त निर्लज्ज आणि म्हणून जास्त विनोदी वाटली असणार.

मला मात्र ती वाटाघाट बघताना ‘हानामिझाके’ ही जुनी राकुगो कथा आठवत राहिली. दोन मित्र चेरीच्या बहराला जमलेल्या गर्दीत विकायला म्हणून दारूचं पिंप घेऊन निघतात. वाटेत एकाला तहान लागते. धंद्यातला माल फुकट कसा प्यायचा? म्हणून तो खिशातलं नाणं दुसऱ्याला देतो आणि पेला विकत घेतो. थोड्या वेळाने दुसरा तेच नाणं पहिल्याला देऊन आपला पेला भरतो. मुक्कामावर पोचेतो पिंप रिकामं, दोघं झिंगलेले, माल सगळा रोखीने खपलेला, आणि गल्ल्यात तेच एक नाणं. ही कथा मालिकेच्या भागांच्या यादीत नाही. तरीही तोराजी आणि दोन्बेईचा अख्खा करार तिच्यावर बेतल्यासारखा चालतो. कुदो यांनी मुद्दाम केलं असो वा नसो, फिरणारे पैसे तेच राहतात आणि मधल्या मध्ये एकाच्या पदरात गोष्टी पडत जातात, ही गंमत अस्सल राकुगोची आहे.

भागांची यादी म्हणाले, तर तीही सांगते. जानेवारी 2005 मध्ये एक विशेष भाग आला आणि मग एप्रिल ते जून 11 भागांची मालिका. प्रत्येक भागाला एका अभिजात राकुगोचं नाव. ‘शिबाहामा’, ‘मांजू कोवाई’, ‘नेको नो सारा’, ‘सोकोत्सु नागाया’ वगैरे. बांधणी अशी की, तोराजी उस्तादाकडून एक कथा ऐकतो. त्याच आठवड्यात त्याच्या आसपास, टोळीत किंवा गल्लीत, त्या कथेशी जुळणारा काहीतरी घोळ होतो. मग तो मंचावर बसून कथा सांगायला लागतो आणि जुनी कथा न् आजचा घोळ एकमेकांत कालवतो. पडद्यावर तेच नट एदो काळातल्या केशरचना आणि किमोनो घालून प्रकटतात. कोणता धागा कुठल्या काळातला, हे दोन मिनिटं कळत नाही. तीनशे वर्षांपूर्वीचे मूर्ख आणि आजचे मूर्ख यांच्यात फरक करायचं कारणच उरत नाही.

‘शिबाहामा’च घ्या. एक दारुडा मासेविक्या पहाटे शिबाच्या किनाऱ्यावर जातो, त्याला पैशांची थैली सापडते. घरी येऊन तो मित्रांना जमवून पितो आणि झोपतो. उठल्यावर बायको म्हणते, कसली थैली? स्वप्न पडलं असेल तुला. पार्टीचं बिल मात्र खरं आहे. तो हादरतो, दारू सोडतो, तीन वर्षं राबतो, स्वतःचं दुकान टाकतो. वर्षअखेरीच्या रात्री बायको थैली समोर ठेवते आणि सांगते, मी खोटं बोलले होते. आता पी, मीच ओतते. तो पेला ओठांपर्यंत नेतो आणि खाली ठेवतो. ‘नको. पुन्हा स्वप्न व्हायचं.’

हे वाक्य ठाऊक असूनही लोक त्याच्यासाठी थांबून राहतात. डिसेंबर आला की जपानमधल्या मंचांवर ही कथा हमखास ऐकायला मिळते. आणि कुदो यांनी मालिकेच्या पहिल्याच भागाला हिचं नाव दिलं. आधी सोप्या, हलक्या कथा घेऊन मग मोठीकडे यावं, असा हिशोब कोणीही केला असता. त्यांनी सगळ्यात अवजड दगड पहिल्यांदा उचलला.

तोराजीला गोष्ट फुलवता येत नाही. धमकी द्यायला जो आवाज लागतो, त्याच आवाजात तो विनोद सांगतो. तोमोया नागासे हा खरं तर ‘टोकियो’ या लोकप्रिय बँडचा तेव्हाचा गायक, पण इथे त्याच्या मानेच्या शिरासुद्धा अभिनय करतात. त्याला कधी कोणी हसवलेलंच नाही, त्यामुळे हसवायचं म्हणजे नक्की काय करायचं हे तो एखाद्या परक्या कायद्यासारखं शिकतो. त्याच्या उलट उस्तादाचा धाकटा मुलगा र्‍यूजी. जन्मजात देणगी असलेला कथेकरी, पण सगळं सोडून हाराजुकूच्या गल्लीत कपड्यांचं दुकान काढून बसलेला. स्वतःच डिझाइन केलेले इतके भयाण कपडे, की कोणी फिरकत नाही. जुन्इची ओकादा याने त्याचा हट्ट फार सुरेख केलाय. ज्याला येतं त्याला नको आहे आणि ज्याला हवं त्याला येत नाही. वाघ आणि ड्रॅगन ते हेच दोघे (जपानीत ‘तोरा’ म्हणजे वाघ, ‘र्‍यू’ म्हणजे ड्रॅगन).

पण माझ्या मते मालिकेचा कणा दुसरीकडेच आहे. तोराजीला दोन बाप आहेत. टोळीचा म्होरक्या आणि राकुगोचा उस्ताद. याकुझामध्येही रक्ताचं नातं नसताना बापलेकाचं नातं जोडतात, आणि राकुगोमध्येही शिष्य गुरूच्या घराण्याचं नाव लावतो. दोन्हीकडे वयापेक्षा कोण आधी आला याला मान. दोन्हीकडे नवख्याच्या वाट्याला हरकाम. मंचावरच्या नवख्याला वर्षानुवर्षं चहा द्यावा लागतो, वडीलधाऱ्यांचे किमोनो घडी करावे लागतात आणि दोन कार्यक्रमांच्या मध्ये गादी उलटावी लागते. पूर्ण उस्ताद व्हायला सहज दहा-पंधरा वर्षं जातात. तोराजीला या शिस्तीचं काहीच नवल वाटत नाही, हे बघायला मजा येते. तो तर तिथूनच आलाय.

पात्रयोजनेत कुदो मंडळींनी एक खट्याळपणा केलाय. उस्तादाच्या भूमिकेत तोशियुकी निशिदा, म्हणजे नट. आणि गुंडांच्या म्होरक्याच्या भूमिकेत शोफुकुतेई त्सुरुबे, म्हणजे चक्क खरा राकुगो कलाकार! ज्याचं आयुष्य गोष्टी सांगण्यात गेलं तो इथे टोळी चालवतो, आणि मंचावर बसून गोष्ट सांगतो तो नट. निशिदा 2024 च्या ऑक्टोबरमध्ये, 76 व्या वर्षी गेले. त्यांचं बरंच काम मी पाहिलेलं नाही, पण या एका भूमिकेत लबाड, घाबरट, चिकट आणि उदार हे सगळं एकाच चेहऱ्यावर एका मिनिटात येऊन जातं, तेवढं मला पुरेसं आहे.

राकुगोला मालिकेने ‘वाचवायला हवी अशी थोर परंपरा’ करून देवघरात बसवलं नाही, हे मला फार आवडलं. राकुगोतल्या कथा काही सोज्वळ नाहीत. 1941 मध्ये, युद्धाच्या वातावरणात, राकुगोवाल्यांनीच 53 कथा काळाला शोभत नाहीत म्हणून बाजूला काढल्या आणि असाकुसातल्या होन्पोजी या देवळात त्यांची समाधी बांधली. वेश्यावस्तीतल्या, छचोर, बाहेरख्याली कथा. युद्ध संपल्यावर 1946 मध्ये त्या पुन्हा मोकळ्या झाल्या. त्या 53 मध्ये ‘सान्माई किशो’, ‘आकेगारासु’ आणि ‘शिनागावा शिंजू’ होत्या, आणि या तिन्ही कथा या मालिकेत आहेत. ‘सान्माई किशो’त एकच गणिका तीन पुरुषांना लग्नाचं लेखी वचन देऊन बसलेली असते, तर ‘आकेगारासु’त एका अतिसज्जन मुलाला देवळात नेतो म्हणून थेट योशिवाराच्या वेश्यावस्तीत नेतात. संस्कृतीरक्षकांना झेपेल असा हा ऐवज नव्हे. तातेकावा दान्शी हे मोठे आणि भांडखोर राकुगो कलाकार म्हणायचे की, राकुगो म्हणजे माणसाच्या कर्माला दिलेला होकार. माणूस असाच आहे, आळशी, हावरट, भित्रा, आणि असू दे. मालिका या बाजूची आहे.

म्हणूनच तोराजी सुधारत नाही. तो गोष्टी शिकतो आणि गुंडही राहतो. दिवसा मंचावर, रात्री टोळीत. मंच त्याला माणसं देतो, नाव देतो, हसायला शिकवतो, पण जुनं खातं बंद करत नाही. ते कोणाला तरी भरावं लागतंच. शेवट सांगत नाही.

आता तक्रारी. बायकांच्या बाबतीत लेखकाचा हात आखडलाय. मिसाकी इतोची मेगुमी ही पुरुषांना वेड लावणारी सुंदरी, विनोदाला निमित्त म्हणून ठेवलेली. यू आओईसारखी अभिनेत्री हाताशी असून तिलाही फार काही करायला नाही. टोकियोत 1993 मध्येच पहिल्या दोन बायका राकुगोच्या सर्वोच्च पायरीवर पोचल्या होत्या, आणि इथे 2005 मध्ये मंच जणू पुरुषांचाच. शिवाय शब्दांच्या कोट्या सबटायटल्समध्ये निम्म्या मरतात, त्याला इलाज नाही.

आणि याकुझांचं गोंडस चित्रण? हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. 2005 मध्ये जपानमध्ये पोलिसांच्या हिशेबाने टोळ्यांशी संबंधित सुमारे 86 हजार लोक होते. आज तो आकडा 20 हजारांच्या खाली आलाय. 2011 च्या ऑक्टोबरपर्यंत देशभरच्या प्रांतांत असे नियम लागू झाले की, टोळीवाल्याशी व्यवहार ठेवणाऱ्या सामान्य माणसालाही जाब द्यावा लागतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिमादा शिन्सुके या बड्या टीव्ही सूत्रसंचालकाला टोळीशी संबंध उघड झाल्यावर कारकीर्द सोडावी लागली. आजच्या तोराजीला कोणतंही नाट्यगृह मंचावर चढू देणार नाही, बँक खातंही मिळणार नाही. तेव्हा ही मालिका एका संपत आलेल्या जगाची आहे. त्यातले गुंड गमतीदार आहेत हे खरंच, पण सावकारी कर्जाने दोन माणसं मेलेली आहेत आणि त्यांचा मुलगा तेच काम करतोय, हे ती कुठेही विसरत नाही. गोंडस चित्रण करणाऱ्याला इतकं लक्षात ठेवायची गरज नसते.

बघायची असेल तर थेट पहिल्या भागावर उडी मारू नका. जानेवारीचा विशेष भाग आधी बघा, कारण एक लाख येनांचा सौदा तिथेच ठरतो. दोन भागांच्या मध्ये जमल्यास ती ती मूळ कथा एखाद्या जुन्या उस्तादाच्या तोंडून ऐका. भाषा कळत नसली तरी चालेल, मान कुठे वळते तेवढं बघा. ‘सोकोत्सु नागाया’ तर आधी ऐकाच. असाकुसातच घडते ती. रस्त्यात पडलेलं प्रेत बघून एकाला वाटतं, हा तर आपला शेजारी. तो धावत घरी जाऊन शेजाऱ्यालाच बोलावून आणतो, चल, तू मेलायस, तुझं प्रेत ताब्यात घे. शेजारी येतो, प्रेत उचलतो आणि गोंधळून विचारतो, उचललेला मी, हे तर नक्की, मग हा उचलणारा कोण?

कमेंटमध्ये ‘शेवट काय होतो ते सांगा’ म्हणणाऱ्यांना उत्तर मिळणार नाही. एक लाख येन पाठवलेत तर विचार करू.