माझगावचं चिनी देऊळ: फिरणारा मजकूर आणि खरी हकिकत

"माझगावात चीन सरकारनं बांधलेलं बुद्धमंदिर आहे, बासष्टच्या युद्धानंतर ते ओसाड पडलं," असा मजकूर फोटोसकट फिरतो आहे. विषय नवाब टँक रोडवरच्या सी यप कून देवळाचा. यातला एकही दावा टिकत नाही.

आधी सरकारचं. देऊळ १९१९ सालचं. बीजिंगमधली आजची राजवट आली १९४९ मध्ये. शिवाय नावच बोलकं आहे. सी यप म्हणजे ग्वांगडोंग प्रांतातले चार परगणे, कून म्हणजे तिथल्या माणसांची मुंबईतली हक्काची वास्तू. गोदीच्या आसऱ्यानं राहिलेल्या खलाशांनी, व्यापाऱ्यांनी ती उभारली. गोव्याच्या खलाशांनी गावागावांच्या नावानं याच शहरात 'कूड', म्हणजे गाववाल्यांसाठीची राहण्याची सामाईक घरं, चालवले, त्याच जातकुळीची ही जागा.

मूर्तीही बुद्धाची नाही. मुख्य दैवत क्वान कुंग, म्हणजे इ. स. २२०च्या सुमारास मारला गेलेला सेनापती. लाल चेहरा, लांब दाढी, दिलेल्या शब्दाला जागणारा. परमुलखात व्यवहार शब्दावरच चालायचा, म्हणून व्यापाऱ्यांना तो जवळचा. बौद्धही त्याला धर्मरक्षक मानतात, त्यामुळे घोटाळा होणं समजू शकतं. बौद्ध नातं खरं आहे ते तिथल्या क्वान यिन देवीचं. ती मुळात अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्व. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात त्याचं अकरा मुखांचं शिल्प आहे. इथून चीनला गेलेली करुणेची देवता शेकडो वर्षांनी रूप पालटून, आई होऊन याच मुंबईत परतली. मला तर या देवळातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

राहिलं युद्ध. १९६२च्या युद्धामुळे चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांना राजस्थानातल्या देवली छावणीत डांबलं. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले होते, बहुतेक आसाम-बंगालकडचे. मुंबईतूनही अनेक कुटुंबं कायमची परदेशी गेली. 'ओसाड' लिहिणाऱ्यानं निदान हे तरी सांगायला हवं होतं.

पण देऊळ ओसाड नाही. चांद्र नववर्षाला उरलेली कुटुंबं जमतात, उदबत्त्या लागतात. बांबूच्या नळकांड्यातल्या काड्या खुळखुळवायच्या, एक बाहेर पडली की तिच्या आकड्यावरून वर्षाचं भाकीत बघायचं. कोकणातल्या माणसाला सांगावं लागणार नाही: हा कौलच.