भिंत दोघांची, ब्रेकर एकट्याचा

मला कुणीतरी सांगा, सामाईक भिंतीला हात लावायच्या आधी शेजारी एक फोन करण्यात माणसाचं नक्की काय जातं? "उद्या काम काढतोय" एवढंच. चहा पण मीच केला असता.

मालवण तालुक्यात आमचं जुनं घर, पणजोबांच्या वेळचं. वाटण्या झाल्या तेव्हा मधल्या भिंतीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे चुलत दादा. दीड फुटाची जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची भिंत, मातीत बांधलेली, आमचे वासे तिच्यावर आणि त्याचेही तिच्यावरच. दादा असतो मुंबईत, आता त्याला इथे होमस्टे काढायचाय. काढ ना बाबा, टुरिस्ट येतायत, चार पैसे मिळतायत, माझं काही म्हणणं नाही. पण ऐन मे महिन्यात छप्पर उतरवायला घेतं कोण?? 2025 साली 25 मेलाच पाऊस देवगडपर्यंत आला होता, मृगाची वाट पण बघितली नव्हती त्याने, विसरलात काय सगळे?

मंगळवारी सकाळी आई माजघरात रातांबे फोडत बसलेली आणि ब्रेकर सुरू झाला. आधी फळीवरची भांडी थरथरायला लागली, मग कौलाखालची सगळी काजळी रातांब्यांच्या परातीत, आणि मग देवाच्या कोनाड्यातून, जिथे आई रोज निरांजन ठेवते, तिथून थेट ब्रेकरचं टोक बाहेर. अरे कोनाडा आहे म्हणजे तिथे भिंत अर्धीच जाड असणार, पण हे कळायला आधी इकडे येऊन बघावं लागतं ना! धावत गेले तर मिस्त्री त्या भोकातून आत बघतोय, माझ्या देवघरात, आणि विचारतो काय, "घरात पुरुष माणूस कोण नाय काय?" असता तर काय भोक बुजलं असतं?

दादाला फोन लावला. "अगे काय एक होवचा नाय, कशाक टेन्शन घेतंस, कॉलम टाकले काय भिंत उलट घट्ट होतली." घट्ट! जांभा पाणी पितो हे आमच्याकडच्या पोराला पण माहितीय. इतकी वर्षं ती भिंत टिकली कारण दोन्हीकडून छप्पर होतं, आता त्याची बाजू उघडी पडलीय, पाऊस थेट दरजांवर येणार आणि आतली माती धुपून गेली की चिरे काय, नुसते एकावर एक ठेवलेले. त्यात कॉलमचा खड्डा आमच्या भिंतीला चिकटून, पुरुषभर खोल, जुन्या घराचा पाया कुठे एवढा खाली असतो? एक टेकू लावलेला नाही. पावसाची सोय म्हणून एक निळी ताडपत्री टाकली होती, ती परवाच्या वाऱ्याने उडाली आणि आता माडाला लटकतेय.

ग्रामपंचायतीत गेले तर "तुमचा घरचा वाद, दिवाणी कोर्टात जा". वकिलाला विचारलं, तो म्हणाला भिंत दोघांची असेल तर एकट्याला तोडता येत नाही, आणि घराला आधार मिळण्याच्या हक्काचा 1882 सालचा सुविधाधिकार कायदा पण आहे. आधी भेगांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा, मग नोटीस, मग स्टे. फोटो काढले, बत्तीस झाले. पण नोटीस कुणाला पाठवू? गणपती दोन्ही घरांचा एकच, तो बसतो आमच्याकडे, ह्याच भिंतीला लागून, आणि चतुर्थीला पाटावर मूर्ती घेऊन येणार हाच दादा. आमच्या भाऊकीत एका फणसावरून दोन पिढ्या बोलणं नव्हतं, ते मी बघितलंय, म्हणून तर गप्प होते इतके दिवस.

मी काय मागतेय एवढं? पाऊस लागायच्या आत त्या बाजूला पत्रे मार, खड्ड्याला टेकू दे, कोनाडा चिऱ्यानेच बुजव (सिमेंटचा गोळा थापून नाही), आणि हे सगळं कागदावर लिहून दे. फोनवर "करतंय गे, करतंय" ऐकून ऐकून कान किटले.

आत्ता हे टाइप करतेय तेव्हा आईने कोनाड्याच्या भोकात पेपरचा बोळा कोंबलाय आणि निरांजन खाली पाटावर ठेवलंय. पलीकडे मिस्त्रीच्या मोबाईलवर गाणी चालू आहेत, शब्दन् शब्द ऐकू येतोय.